बूटलोडर, बहुप्रणाली संगणकातील
संगणक सुरू होताच कार्यप्रणाली स्मृतीत आणणारा लहान कार्यक्रम म्हणजे बूटलोडर होय. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅकची लिनक्सवर आधारित ‘बॉस’ प्रणाली विंडोजसोबत एकाच संगणकावर बसविताना तो कोठे ठेवावा, हा प्रश्न उद्‌भवतो. बायॉस पद्धतीच्या जुन्या संगणकांत तो हार्ड डिस्कच्या ५१२ बाइटांच्या पहिल्या सेक्टरमध्ये ठेवतात. तेथे आज्ञांसाठी जेमतेम ४४६ बाइट मिळतात. दोन डिस्क असल्यास बायॉस प्रथम वाचतो तीच निवडावी. विंडोज नंतर बसविल्यास ती या सेक्टरमधील आज्ञा न विचारता पुन्हा लिहिते व लिनक्स नाहीशी झाल्यासारखी वाटते. वस्तुतः तिच्या विभागातील माहिती शाबूत असते. बूटलोडर तेवढा पुन्हा बसवावा, घाईने डिस्क पुसू नये. यूईएफआय पद्धतीच्या संगणकांत प्रत्येक प्रणालीचा बूटलोडर एकाच सामायिक विभागात, पण स्वतंत्र फोल्डरमध्ये राहतो. त्यामुळे हा तंटा बराचसा मिटला आहे.