मॉडेल विमानाचा रिसीव्हर निवडताना

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावच्या शिवारात उन्हाळ्यात जी वावरे रिकामी पडतात, ती रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमान उडवण्यास शहरातील मैदानापेक्षा सोयीची असतात; मात्र विमान कोसळल्यास सुटे भाग बाहेरून मागवावे लागत असल्याने रिसीव्हरची निवड आधीच चोखंदळपणे करणे भाग पडते. रिसीव्हर म्हणजे जमिनीवरील ट्रान्समीटरचा संदेश पकडून, पंख व शेपटीच्या हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या सर्व्हो नावाच्या लहान मोटारींना आज्ञा देणारे काही ग्रॅम वजनाचे यंत्र. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचा भाग असून नागपूरला तिची एअर स्क्वाड्रन आहे, त्यामुळे विदर्भातील छात्रांना हे यंत्र अगदीच अनोळखी नाही.

पूर्वी ही विमाने ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झच्या ठरावीक चॅनेलांवर उडत, आणि त्याच चॅनेलवर दुसऱ्या कोणी ट्रान्समीटर सुरू केला की हवेतले विमान हातचे जाई. २००५ च्या सुमारास प्रचारात आलेल्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचांनी ही धास्ती जवळजवळ संपवली, कारण त्यांचा संदेश पट्टाभर पसरतो किंवा एका वारंवारितेवरून दुसरीवर उड्या घेतो, आणि बाइंडिंग म्हणजे एकदाची जुळणी झाल्यावर रिसीव्हर फक्त आपल्याच ट्रान्समीटरचे ऐकतो. परंतु फुताबाची फास्ट, स्पेक्ट्रमची डीएसएमएक्स, फ्लायस्कायची एएफएचडीएस २ए अशा संदेशपद्धती परस्परांशी जुळत नसल्याने ट्रान्समीटर घेतला त्याच दिवशी रिसीव्हरची निवड निम्मी झालेली असते.

पल्ल्याच्या जाहिरातींना भुलण्याचे कारण नाही. मीटरभर पंखांचे विमान काही शे मीटरांवर गेले की ते येते आहे की जाते आहे हेच डोळ्यांना उमगत नाही, आणि तेवढ्या अंतराला पूर्ण पल्ल्याचा साधा रिसीव्हर पुरतो. घरात उडवायच्या विमानांसाठीचे अगदी हलके, कमी पल्ल्याचे रिसीव्हर तेवढे टाळावेत. भारतात २.४ गिगाहर्ट्झ आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हे पट्टे शक्तीच्या मर्यादेत परवान्याविना वापरता येतात. परदेशात लोकप्रिय असलेले ९१५ मेगाहर्ट्झचे संच या सवलतीत बसत नाहीत.

सिग्नल गेला, असे म्हणून ज्या अपघातांचे खापर रेडिओवर फोडले जाते, त्यांतील अनेकांचे मूळ वीजपुरवठ्यात असते. लहान विमानात मोटारीच्या वेगनियंत्रकातील बीईसी हा भाग बॅटरीचा दाब सुमारे ५ व्होल्टवर आणून रिसीव्हरला देतो व सर्व्होही त्याच विजेवर चालतात. हलक्या बीईसीची क्षमता २ अँपिअरच्या आसपास असते, तर अडकलेला एकच छोटा सर्व्हो अर्ध्या अँपिअरहून अधिक प्रवाह ओढू शकतो. जोरदार वळणावर चारही सर्व्होंनी एकदम ओढ घेतली आणि दाब साडेतीन व्होल्टच्या खाली घसरला की बरेच रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतात, ज्याला ब्राउनआउट म्हणतात. सुरुवातीच्या काही रिसीव्हरांना पुन्हा संपर्क जुळवायला काही सेकंद लागत, आणि खाली झेपावणाऱ्या विमानाला तेवढे पुरे होतात. म्हणूनच महागड्या रिसीव्हरपेक्षा मध्यम किमतीचा रिसीव्हर, सक्षम बीईसी आणि बॅटरीचा दाब जमिनीवर कळवणारी टेलिमेट्री हा खर्च अधिक सार्थकी लागतो.

संपर्क तुटल्यावर मोटार बंद करून पट्ट्या ठरलेल्या जागी नेणारी फेलसेफ सोय आपल्याला हवी तशी लावता येते का, हेही खरेदीपूर्वी पाहावे. शेवटची आज्ञाच धरून ठेवणारा रिसीव्हर विमानाला पूर्ण वेगाने कोणाच्याही अंगावर नेऊ शकतो. २.४ गिगाहर्ट्झच्या अँटेनाचे संदेश पकडणारे टोक जेमतेम ३१ मिलिमीटरचे असते, ते कापू वा दुमडू नये. दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींशी काटकोनात, बॅटरी व कार्बन फायबरपासून दूर बसवाव्यात. ट्रान्समीटरची शक्ती मुद्दाम घटवून, मोटार चालू ठेवून, सुमारे ३० पावलांवरून सर्व्हो बिनचूक हलतात का हे उड्डाणाआधी तपासण्याची पद्धत आहे. सोयाबीन निघाल्यावर ओळींत उरलेली माणसाएवढी तूर ओली असेल तर ती २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी बऱ्याच शोषून घेते, त्यामुळे त्या हंगामात विमान तुरीच्या पलीकडे खाली उतरू देऊ नये.