जुनी भागपत्रे

काही वर्षांपूर्वी लातूरच्या गंजगोलाईजवळ एका आडत व्यापाऱ्यांचा जुना वाडा उतरविण्याचे काम चालू होते. घरमालक माझ्या ओळखीचे. त्यांनी निरोप पाठविला, "गुरुजी, माळ्यावर जुन्या कागदांची एक पेटी सापडली आहे. सवडीने पाहून जा." मी खरोखरच सवडीने गेलो, म्हणजे आठ दिवसांनी! तोवर पेटीतील बहुतेक कागद पाणी तापविण्याच्या बंबात गेले होते. एक कागद तेवढा उरला होता, तोही वाळवीने अर्धा खाल्लेला. ते एका कंपनीचे भागपत्र होते.

भागपत्र म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. बैलगाडी घ्यावयाची तर एक शेतकरी आपल्या बळावर घेऊ शकतो. परंतु आगगाडीचा मार्ग बांधावयाचा तर लाखो रुपये लागतात. एवढा पैसा एकट्याजवळ कोठून असणार? म्हणून लागणाऱ्या भांडवलाचे सारखे भाग पाडतात आणि ज्याला जितके परवडतील तितके भाग तो विकत घेतो. तो त्या कंपनीचा भागधारक होतो. नफा झाला तर त्यातील वाटा त्याला लाभांश म्हणून मिळतो. कंपनी बुडाली तर त्याने घातलेला पैसाही बुडतो. त्याच्या मालकीचा लेखी पुरावा म्हणून कंपनी जो कागद देई, तेच भागपत्र. त्यावर अनुक्रमांक, भागधारकाचे नाव, भागांची संख्या आणि किंमत, संचालकांच्या सह्या व कंपनीची मोहर असे. नक्कल करणे कठीण व्हावे म्हणून भोवती बारीक नक्षीची चौकट आणि वर एखादे सुबक चित्र कोरीत.

कंपनी बंद पडली की भागपत्राची बाजारातील किंमत संपते. पण नेमके तेव्हाच संग्राहकाचे लक्ष त्याच्याकडे जाते. १९७० नंतर युरोपात आणि अमेरिकेत हा छंद चांगलाच वाढला. अमेरिकेतील जुन्या 'एक्सप्रेस' कंपन्यांच्या भागपत्रांना तेथे फार मान आहे. त्या देशात १९१३ सालापर्यंत सरकारी टपालखाते जड पार्सले घेत नसे. सोने, रोख रक्कम आणि मौल्यवान सामान त्वरेने पोहोचविण्याचे काम खाजगी कंपन्या करीत. हेन्री वेल्स, विल्यम फार्गो आणि त्यांचे सहकारी यांनी १८५० साली 'अमेरिकन एक्सप्रेस' ही अशी कंपनी स्थापिली. तिच्या आरंभीच्या भागपत्रांवर वेल्स आणि फार्गो यांनी स्वहस्ते केलेल्या सह्या आढळतात. घोडागाड्या गेल्या, पेट्या गेल्या. शाईच्या त्या दोन रेघांसाठी मात्र आज संग्राहक मोठी रक्कम मोजतात.

आपल्या मराठवाड्यात मालाची ने-आण बैलगाड्या व बंजाऱ्यांचे तांडे करीत असत. ते काम भागभांडवलाच्या कंपनीने हाती घेतले ते आगगाडीच्या रूपाने. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. पण मुख्य लोहमार्ग तेथून सुमारे २१ मैलांवर, कुर्डुवाडीस होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ही अडचण हेरली. बार्शी लाइट रेल्वे कंपनीची नोंद १८९५ साली झाली, आणि १८९७ साली अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी बार्शीत आली. १९०६ साली ती पंढरपुरास पोहोचली. दुसऱ्या बाजूने निजामाच्या राज्यात शिरून १९११ साली तिने लातूर गाठले, आणि पुढे १९२७ साली ती मिरजेपर्यंत गेली.

आता या कंपनीचे कागद काय सांगतात ते पाहा. कंपनीची नोंद झाली होती लंडनमध्ये, आणि भांडवल रुपयांत नव्हे, तर पौंडांत. रूळ बार्शीचे, कापूस लातूरचा, पंढरीचे वारकरी गावोगावचे. मालकीचा कागद मात्र सातासमुद्रापलीकडचा! पोती वाहणाऱ्या हमालाचे किंवा तिकीट काढणाऱ्या वारकऱ्याचे नाव त्यावर येण्याचे कारणच नव्हते. १ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने ही रेल्वे विकत घेतली आणि तो व्यवहार संपला. पुढे हे अरुंद रूळ काढून रुंद रूळ घातले गेले. २०१६ सालच्या उन्हाळ्यात तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याची गाडी आली, ती बव्हंशी याच जुन्या वाटेने. पहिल्या खेपेस तिने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले.

नांदेडवरून हैदराबादकडे जाणारी गाडी पूर्वी 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे' ही कंपनी चालवीत असे. तीही लंडनचीच. तिच्या नावातील 'गॅरंटीड' या शब्दावर थोडे थांबा. त्याचा अर्थ 'हमी दिलेली'. १८८३ च्या करारान्वये निजाम सरकारने भांडवलावर वीस वर्षे दरसाल शेकडा पाच या दराने व्याजाची हमी घेतली होती. गाडीला उत्पन्न कमी झाले तर ती तूट राज्याच्या खजिन्यातून भरावयाची. आणि खजिन्यात पैसा येई तो मुख्यतः शेतसाऱ्याचा. एका शब्दात केवढा हिशेब दडला आहे! १९३० साली निजाम सरकारने ही कंपनी विकत घेतली.

हैदराबाद संस्थानातील कंपन्यांच्या भागपत्रांवर आणखी एक खूण दिसते. त्यांवरील रक्कम उस्मानिया रुपयांत असे. आपले आजोबा-पणजोबा त्या चलनाला 'हाली सिक्का' म्हणत आणि इंग्रजी रुपयाला 'कळदार'. सात हाली रुपये म्हणजे सहा कळदार. तेव्हा नुसता 'शंभर रुपये' हा आकडा वाचून भागत नाही. कोणते रुपये, हे विचारावे लागते.

अशी भागपत्रे जुन्या वह्यांच्या दुकानात, रद्दीत, क्वचित आपल्याच घरातील ट्रंकेत सापडतात. घरात सापडले तर एक गोष्ट प्रथम करावी. ती कंपनी अजून चालू आहे काय, किंवा दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आहे काय, याची वडीलधाऱ्यांकडून चौकशी करवावी. तसे असेल तर तो कागद संग्रहाची वस्तू नसून घरची मालमत्ता असते. बंद कंपनीचा असेल तर तो सपाट ठेवावा, घडी मोडू नये. चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकचे आवरण तापवून चिकटवू नये. पुष्कळ लोक हौसेने तसे करतात आणि कागदाचा नाश करतात. कोठे मिळाला, कधी मिळाला, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवावे.

नवी भागपत्रे आता मिळणे जवळजवळ थांबले आहे. १९९६ च्या कायद्यानंतर भागांची नोंद संगणकावर होऊ लागली, आणि शेअरबाजारातील कंपन्यांचे भाग कागदाच्या रूपात एकाने दुसऱ्यास विकणे एप्रिल २०१९ पासून बंद झाले. तुमच्या वडिलांजवळ भाग असतील, तर त्यांना नक्षीची चौकट नाही की मोहर नाही.

त्या वाड्यातून आणलेला अर्धा कागद मी जपून ठेवला आहे. रक्कम हाली रुपयांत आहे. खालच्या कोपऱ्यात रुई दाबण्याच्या यंत्राचे चित्र आहे, त्यावरून तो एखाद्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचा असावा. वरच्या बाजूला इंग्रजी अक्षरांत 'कंपनी लिमिटेड' एवढे दोन शब्द स्पष्ट वाचता येतात. कंपनीचे नाव त्यांच्या डावीकडे होते.