आयर्विनची पट्टी

पावसाळ्यात सांगलीकर दोन आकडे पाहिल्याशिवाय झोपत नाही. कोयनेतून किती क्युसेक सोडले, आणि आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आहे. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा या आकड्यांवर घरे सोडायची की थांबायचे हे ठरत होते.

‘धरणावर दहशतवादी हल्ला झाला तर?’ असे मला पुष्कळदा विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात विष किंवा बॉम्ब असतो. कोयनेची साठवण सुमारे १०५ टीएमसी आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. एवढ्या पाण्यात विष कालवणे हिशोबातच बसत नाही. (गावच्या टाकीचे तसे नाही, तिला झाकण, कुलूप आणि रोजची क्लोरीन तपासणी हवीच.) भिंतीवर पहारा असतो, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात तडे जाऊनही ती उभी राहिली.

मला काळजी आहे ती आकड्यांची. पंपाशेजारी पीएलसी नावाची छोटी पेटी असते. ती टाकीची पातळी वाचते आणि मोटर चालू-बंद करते. अशा अनेक पेट्या कार्यालयातल्या एका पडद्यावर आणणाऱ्या व्यवस्थेला स्काडा म्हणतात. या पेट्या घडल्या त्या कारखान्याच्या चार भिंतींत राहण्यासाठी; आलेला हुकूम खरा कोणाचा, हे विचारायची सवय त्यांना लावलेलीच नाही. पुढे सोयीसाठी त्यांना इंटरनेट जोडले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या अलिक्विपा गावी पाणी उपसा केंद्रातली अशीच पेटी इराणशी संबंधित गटाने ताब्यात घेतली. कारखान्यातून आलेला पासवर्ड बहुधा कोणी बदललाच नव्हता. कर्मचाऱ्यांनी स्वयंचलित यंत्रणा बंद केली, पंप हाताने चालवला आणि पाणी थांबले नाही.

त्याआधी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, फ्लोरिडातल्या ओल्ड्समार येथे पाण्यातल्या कॉस्टिक सोड्याचे प्रमाण पडद्यावर १०० वरून ११,१०० पीपीएम झाले. समोर बसलेल्याने ते पाहून लगेच पूर्ववत केले. तो हल्ला होता की कर्मचाऱ्याचीच चूक, यावर पुढे वाद झाला. आपल्याकडेही १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता सांगितली आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटले. माझ्या मते पाणीपुरवठ्यापुरता हा वाद दुय्यम आहे. चूक असो वा घातपात, तो पकडणारा माणूस जागेवर हवा.

कायदा आहे. महत्त्वाच्या यंत्रणांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय केंद्र आहे, आणि २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. पण कळवण्याआधी ती कळायला हवी. म्हणून नदीवर कितीही स्वयंचलित मापके बसली, तरी आयर्विनवरची रंगवलेली पट्टी डोळ्यांनी वाचून दोन्ही आकडे ताडून पाहणे सोडू नये. रंगवलेल्या पट्टीला पासवर्ड नसतो.

पाणी योजना पाहायला गेलो की मी एकच विचारतो : आज पडदा बंद पडला, तर कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा हे कोणाला येते? दोन ठिकाणी मला एकेका माणसाकडे बोट दाखवले गेले. दोघेही निवृत्तीला आलेले होते.