इंद्रलाल रॉय : तेरा दिवसांचा पराक्रम

फ्रान्सच्या उत्तरेस एस्तव्हेल नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील दफनभूमींत एका थडग्यावर बंगाली अक्षरें कोरलेलीं दिसतात. ही महावीराची समाधि असून हिला मान द्यावा, स्पर्श करूं नये, असा त्यांचा आशय आहे. त्या समाधींत विसावलेले इंद्रलाल रॉय मृत्युसमयीं अवघे एकोणीस वर्षांचे होते.

इंद्रलालांचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजीं कलकत्त्यास झाला. वडील बॅरिस्टर. पहिलें महायुद्ध पेटलें तेव्हां मुलगा लंडनच्या सेंट पॉल्स शाळेंत शिकत होता. १९१७ च्या जुलैंत त्यांस विमानदळांत अधिकारपद मिळालें, व ऑक्टोबर अखेर ते ५६ व्या पथकांत रणभूमीवर दाखल झाले. परंतु ६ डिसेंबर रोजीं विमान कोसळून ते जबर जखमी झाले. त्यांना मृत समजून प्रेतांत ठेवलें होतें असें सांगतात; ती कथा म्हणूनच ऐकावी. डॉक्टरांनीं मात्र त्यांस उड्डाणास अपात्र ठरविलें, हें खरें. या सक्तीच्या विश्रांतींत त्यांनीं विमानांचीं पुष्कळ चित्रें काढलीं. जीव वांचविण्याची सवलत कागदोपत्रीं मिळालीच होती, आणि कोणी नांवही ठेवलें नसतें. त्यांनीं वरिष्ठांचा पिच्छा पुरवून ती परत केली!

१९ जून १९१८ रोजीं ते जॉर्ज मॅकेलरॉय यांच्या हाताखालीं ४० व्या पथकांत रुजू झाले. त्यांचें एस. ई. ५ ए हें विमान एकट्यानें चालवावयाचें. एक तोफ फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या सोडी. दुसरी वरच्या पंखावर बसविलेली. तिचें काडतुसांचें चाक संपलें, कीं गुडघ्यांनीं सुकाणू सांभाळून ती खालीं ओढावयाची व नवें चाक चढवावयाचें. तेंही शत्रु पाठीशीं असतांना. वारा बहुधा पश्चिमेचा, त्यामुळें झुंज जर्मन हद्दींत वाहत जाई व परततांना तोच वारा तोंडावर येई. हवाई छत्री इंग्रज वैमानिकांस देतच नसत.

अशा स्थितींत ६ जुलै ते १९ जुलै या तेरा दिवसांत इंद्रलालांच्या नांवावर दहा विजय नोंदले गेले. ८ जुलै रोजीं तर चार तासांत तीन! दहांपैकीं कांहीं विमानें प्रत्यक्ष नष्ट झालीं, कांहीं ताबा सुटून कोसळतांना दिसलीं. त्या काळीं दोहोंचीही गणना विजयांतच होई.

२२ जुलै रोजीं कार्व्हाँ गांवावर जर्मन फोकर विमानांशीं झुंजतांना ते पडले. त्याच उन्हाळ्यांत, जून अखेरीस, मुंबईचे वेलिणकर हे दुसरे हिंदी वैमानिकही कामास आले होते. मॅकेलरॉय ३१ जुलैस गेले.

डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हें पदक मिळविणारे इंद्रलाल पहिले हिंदी. तें सप्टेंबरांत जाहीर झालें. पुढें १९५४ सालीं भारतीय हवाई दलाचें सर्वोच्च पद प्रथमच एका भारतीयाकडे आलें. ते सुब्रतो मुखर्जी इंद्रलालांचे भाचे होत.