पंचगंगेवरचा प्रश्न

मुलांनो, कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलात की जवळच आमची शाहूपुरी. हे नाव राजर्षी शाहू महाराजांचं, हे तुम्ही ओळखलंच असेल. त्यांचीच ही गोष्ट.

साल १८९९. कार्तिकातली पहाट. पंचविशीतले महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले होते. भटजींचे मंत्र चालू होते. सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांच्या लक्षात आलं, की हे वेदांतले मंत्र नव्हेत, पुराणातले आहेत! महाराजांनी कारण विचारलं. उत्तर मिळालं, शूद्रांना पुराणोक्तच मंत्र. आणि भटजींनी स्वतः आंघोळही केलेली नव्हती!

परंपराच ती, म्हणून गप्प बसणं सोपं होतं. महाराज बसले नाहीत. राजोपाध्ये वेदोक्त विधींना तयार होईनात, तेव्हा १९०२ साली त्यांचं वतन जप्त झालं. ‘केसरी’नं महाराजांवर टीका केली. महाराजांनी देवपूजा सोडली का? छे! पुढे १९२० मध्ये त्यांनी मराठा पुरोहित शिकवून तयार करणारी शाळाच काढली.

“ते राजे होते, त्यांना जमलं,” असं म्हणाल. मग आणखी मागं, पुण्यात चला. २५ डिसेंबर १८७३. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातलं पहिलं लग्न, सीताराम आल्हाट आणि राधा यांचं. भटजी नाहीत. मंगलाष्टका मराठीत. वचनं नवरानवरीनं स्वतःच्या तोंडानं म्हटली, कळणाऱ्या भाषेत. म्हणजे पाळायचीही त्यांनीच!

तुमच्या घरी पूजा असली, तर एखाद्या मंत्राचा अर्थ विचारून बघा. आईबाबांना सांगता आला नाही, तर सगळे मिळून शोधा.