गच्चीवरचं पक्षिनिरीक्षण

मार्च २०२०. टाळेबंदी लागली, लोकल थांबली, कर्नाळा अभयारण्याचं दारही बंद. मग पनवेलच्या गच्चीवरूनच पक्षी बघायचा नाद लागला, तो आजवर सुटलेला नाही!

एरवी गाड्यांच्या गोंगाटात बुडणारं तांबटाचं 'टुक टुक' भर दुपारी खणखणीत ऐकू यायचं. चिमणीहून जरासा मोठा, हिरवा; कपाळ लाल, गळा पिवळा, खाली छातीवर लाल पट्टा. वाळक्या फांदीत चोचीने भोक पाडून घरटं करतो. त्यामुळे सोसायटीवाल्यांनो, वठलेली फांदी दिसली की लगेच कोयता काढू नका.

पावसाच्या तोंडावर कोकणात नवरंग येतो. पहाटे नि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ ऐका. दुर्बीण नसली तरी चालेल. नोंदी 'ईबर्ड' या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, फुकट आहे.