लक्ष कुठे असतं? (भाग ४) : जो घोड्यावर, तो गनीम

मागच्या आठवड्यात कानांचं पाहिलं. कॉलिन चेरीने १९५३ मध्ये लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडली आणि एकाच कानातलं मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानातलं इंग्रजी मधेच जर्मन झालं, तरी त्यांना पत्ता लागला नाही. आज डोळ्यांकडे वळू, आणि त्यासाठी होसकोट्याला जाऊ.

बंगळूरहून कोलारच्या रस्त्याला लागलं की पंचवीसेक किलोमीटरवर होसकोटे. हल्ली लोक तिथे पहाटे दम बिर्याणीच्या रांगेत उभे राहतात. एके काळी हा शहाजीराजांच्या जहागिरीचा मुलूख. २२ ऑगस्ट १७६८ च्या रात्री तिथे गुत्तीकर मुरारराव घोरपड्यांची छावणी होती. ते तेव्हा हैदरअलीविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने लढत होते. कर्नल स्मिथचा तळ जवळच होता. हैदरने रात्रीच छापा घातला. पुढे घोडदळ, मागून पायदळ.

अशा काळोखात आपलेच आपल्यांना कापतात. घोडे दोन्हीकडे, भाले-तलवारी दोन्हीकडे, आरडाओरडा सगळीकडे. मुराररावांनी हुकूम दिला: कोणीही घोड्यावर मांड टाकायची नाही, आपापल्या घोड्यापाशी उभं राहायचं. म्हणजे घोड्यावर जो दिसेल, तो गनीम. जन्म खोगिरावर काढलेल्या स्वारांना छाप्याच्या वेळी 'चढू नका' म्हणणं सोपं नव्हतं. मार्क विल्क्सने म्हैसूरच्या इतिहासात हा प्रसंग नोंदवला आहे.

या हुकमाचं मर्म मानसशास्त्राला दोनशे वर्षांनी सापडलं. ॲन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड यांनी १९८० मध्ये दाखवलं, की हिरव्या अक्षरांच्या गर्दीत एकच लाल अक्षर असेल तर ते चटकन डोळ्यांत भरतं. गर्दी दहाची की तीसची, याने फारसा फरक पडत नाही. पण रंग आणि आकार दोन्ही जुळवून शोधायचं म्हटलं, की नजर एकेका अक्षरावर थांबत जाते आणि प्रत्येक वाढीव अक्षरागणिक वेळ वाढतो. फेटा, चेहरा, बोली ताडून माणूस ओळखणं हे दुसऱ्या प्रकारचं काम. मुराररावांनी ते पहिल्या प्रकारचं करून टाकलं. खूण एकच, उंचीची. उभ्या माणसांच्या डोक्यांवर स्वाराची आकृती काळोखातही उठून दिसली असणार, असा माझा तर्क.

छापा फसला. त्यात एका हत्तीचाही वाटा होता: विल्क्सच्या वर्णनानुसार तो जखमी होऊन सुटला आणि सोंडेत साखळी धरून हैदरच्या स्वारांत घुसला. त्याला मात्र हुकूम कोणी दिला नव्हता!

अशा एकाच खुणेची किंमतही असते. पांढऱ्या सदऱ्यांच्या खेळाडूंनी चेंडू किती वेळा टाकला हे मोजणाऱ्या निम्म्या प्रेक्षकांना मधून चालत गेलेला गोरिला दिसत नाही, हा १९९९ चा प्रयोग आता बहुतेकांना ठाऊक आहे. मला त्याहून अस्वस्थ करतो तो २०१३ चा. ट्रॅफ्टन ड्र्यू आणि सहकाऱ्यांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घुसवलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलं नाही. नजरेचा माग ठेवणाऱ्या यंत्राने आणखी एक गोष्ट उघड केली: या २० जणांतल्या निम्म्याहून अधिकांची नजर थेट गोरिलावर जाऊन आली होती.

डोळा पोचतो, लक्ष पोचत नाही. मधे काय अडतं, ते पुढच्या भागात.